परमुलुखातील शिळा

धानाच्या बांध्यांनी आणि माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलावांनी वेढलेल्या, गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील अर्जुनी मोरगावासारख्या तालुक्याच्या गावी बसून एका सेवानिवृत्त शिक्षकाने मुंबईच्या एका लढाऊ वैमानिकाचे चरित्र लिहावे, तो वैमानिक शंभराहून अधिक वर्षांपासून फ्रान्सच्या भूमीत चिरविश्रांती घेत असलेला असावा, आणि त्या चरित्रास चार शब्द जोडण्याचे काम, ज्याचा विमानविद्येशी संबंध आकाशात घरघर ऐकू आली की मान वर करण्यापलीकडे कधी गेला नाही अशा माझ्यासारख्याकडे यावे, हे वाचकाला प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. परंतु चरित्रनायकाचा गाव आणि चरित्रकाराचा गाव एकच असावा असा काही सरकारी हुकूम नाही. आणि ज्यांच्या गावचा तो होता त्या मुंबईकरांनी हे काम शतकभर केले नाही, तेव्हा ते झाडीपट्टीतील कोणी केले तर त्यात तक्रारीस जागा नसावी.

ज्याच्याविषयी हे पुस्तक आहे त्याचे नाव लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर. आडनाव गोमंतकातील वेलिंग या गावाची आठवण देणारे, राहणार मुंबईचा, आणि हुद्दा ब्रिटिश हवाई दलातील अधिकाऱ्याचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या उन्हाळ्यात, २७ जून १९१८ रोजी, २३ क्रमांकाच्या तुकडीतून गस्तीवर गेलेले त्याचे सॉपविथ डॉल्फिन विमान शत्रूने पाडले, जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती सापडला, आणि तीन दिवसांनी, ३० जून रोजी, त्याने प्राण सोडला. आज त्याची समाधी उत्तर फ्रान्समधील सोम विभागात, आमिएँ शहराच्या आग्नेयेस, ल्यूस नदीकाठच्या अँगार नावाच्या खेड्यालगतच्या लष्करी दफनभूमीत आहे. एवढाच मजकूर दफ्तरात सापडतो असे म्हणून स्वस्थ बसणारे पुष्कळ. मात्र या पुस्तकाचा कर्ता त्यांतला नाही. त्या चार ओळींच्या मागे जो काळ उभा आहे त्याची तपशीलवार चौकशी त्याने केली आहे, आणि या पुस्तकाचे खरे मोल मला तिच्यात दिसते.

प्रथम त्या हुद्द्याची गोष्ट. आज वायुसेनेच्या भरतीची जाहिरात वाचणाऱ्या तरुणास हे सांगून खरे वाटणार नाही की, त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याची सनद मिळण्यास अर्जदार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा लागे, व ही अट लेखी नियमांत नमूद होती. हिंदुस्थानी माणूस शिपाई होऊ शके, हवालदार होऊ शके, जमादार-सुभेदारापर्यंत चढू शके. पण वयोवृद्ध सुभेदारानेही विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटास सलाम ठोकावा अशी ती व्यवस्था होती. १९१७च्या ऑगस्टात नऊ हिंदुस्थानी अधिकाऱ्यांना राजाची सनद देण्यात आली तेव्हा ती मोठी मेहेरबानी समजली गेली. याच सुमारास, इंग्लंडात राहणाऱ्या काही थोड्या हिंदी तरुणांनी या तटबंदीला भलत्याच बाजूने, म्हणजे आकाशाच्या बाजूने, भगदाड पाडले होते. रावळपिंडीकडचा हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा विद्यार्थी. ब्रिटिशांनी नाकारल्यावर तो फ्रेंचांच्या हवाई दलाकडे वळला, आणि त्याच्या प्राध्यापकाने ब्रिटिश हवाई दलाच्या जनरल हेंडरसन यांस पत्र लिहून फ्रेंच घेतात ते आपण का नाकारतो असा सवाल केल्यावर त्याला दार उघडले. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय लंडनमधील शाळेतून थेट विमानाकडे गेला. सेन नावाचा तिसरा तरुण १९१७च्या सप्टेंबरातच शत्रूच्या कैदेत पडला. चौथा आपला वेलिंगकर. चौघांपैकी दोघे परत आले आणि दोघे तिकडच्या मातीत राहिले.

मलिकने पगडीवर बसेल असे खास मोठे शिरस्त्राण करवून घेतले होते, आणि त्याच्या पायात शिरलेल्या दोन गोळ्या आयुष्यभर पायातच राहिल्या. पुढे तो स्वतंत्र भारताचा राजदूत म्हणून त्याच फ्रान्समध्ये गेला. रॉयची कहाणी तर कादंबरीकाराने रचावी अशी आहे. १९१७च्या अखेरीस अपघातानंतर त्याला मृत समजून बाजूला ठेवण्यात आले होते. तेथून उठून तो पुन्हा उडू लागला, ४० क्रमांकाच्या तुकडीत ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय त्याच्या नावे नोंदले गेले, आणि २२ जुलै रोजी, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, तो पडला. वेलिंगकर याच्या नावे असे विजय नाहीत, त्याच्याविषयी अशी आख्यायिका नाही. इतिहास पराक्रमाच्या संख्येवर लुब्ध असतो, आणि म्हणून रॉयवर लेख येतात व वेलिंगकर त्या लेखांच्या एखाद्या वाक्यात येऊन जातो. या चरित्रकाराने नायकाला नसलेले विजय चिकटवण्याचा मोह टाळला आहे. हा संयम आपल्याकडच्या चरित्रलेखनात इतका दुर्मिळ आहे की त्याची स्वतंत्र नोंद केली पाहिजे.

वाचकांपैकी जे घाईत असतील त्यांनी निदान डॉल्फिन विमानावरचे प्रकरण तरी वाचावे. सामान्य दुपंखी विमानात वरचा पंख खालच्या पंखाच्या पुढे असे. डॉल्फिनमध्ये तो मागे सरकवलेला होता, आणि वैमानिकाचे मस्तक वरच्या पंखाच्या मध्यभागी ठेवलेल्या उघड्या चौकटीतून बाहेर डोकावे. त्यामुळे वर, पुढे आणि मागे सर्वत्र दृष्टी पोहोचे, जी त्या युद्धात प्राणरक्षणाची पहिली अट होती. पण उतरताना विमान उलटले तर साऱ्या यंत्राचा भार त्याच मानेवर येण्याची धास्तीही होती, आणि त्यामुळे आरंभी वैमानिक या विमानाकडे संशयाने पाहत. दोनशे अश्वशक्तीच्या इस्पानो-स्विझा एंजिनाचे दातेरी चक्र दगा देई. वीस हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवर, उघड्या बैठकीत, हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात, कातडी कोट आणि चरबी माखलेला चेहरा घेऊन हे तरुण बसत. आणि त्यांच्यापाशी हवाई छत्री नसे. त्याच उन्हाळ्यात जर्मन वैमानिकांना छत्र्या मिळू लागल्या होत्या, परंतु ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत त्या मिळाल्या नाहीत. विमान पेटले तर जळणे किंवा उडी घेणे एवढेच पर्याय उरत, हे ठाऊक असताना रोज पहाटे पुन्हा त्या चौकटीत मान घालणे याला काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे. मी त्याला शौर्य म्हणतो. मग ध्वज कोणाचा का असेना.

या ध्वजाचाच प्रश्न मोठा नाजूक. वेलिंगकर पडला त्याच्या सतरा दिवस आधी, १० जून १९१८ रोजी, मुंबईच्या टाउन हॉलात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली होती. लोकमान्य टिळक बोलण्यास उभे राहिले. युद्धास साह्य आणि स्वराज्य यांची सांगड त्यांनी घालताच गव्हर्नरांनी त्यांना राजकीय भाषण करण्यास मज्जाव केला, आणि लोकमान्य, केळकर व त्यांचे सहकारी सभा सोडून बाहेर पडले. आमच्या मुलांना मरण्याचा अधिकार आहे तर हुकूम करण्याचाही असला पाहिजे, असा त्या मागणीचा गाभा होता. हिंदी तरुणांस लष्करात अधिकारपदे द्या हा तिचाच एक भाग. म्हणजे एकाच महिन्यात एक मराठी माणूस मुंबईत अधिकारपदे मागत होता आणि दुसरा, ते पद अंगावर वागवीत, फ्रान्सच्या आकाशात त्याची किंमत देत होता. दोघांची कधी भेट झाली असेल असे मानण्यास कोणताही पुरावा नाही, आणि चरित्रकारानेही ती घडवून आणलेली नाही. तथापि, हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या मृत्यूचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

दोन बाजूंचे लोक त्याला का विसरले हेही त्यावरून उलगडते. साम्राज्याच्या लेखी तो अपवाद होता, आणि अपवादांची वाच्यता करणे कोणत्याही सरकारास सोयीचे नसते. पुढे रौलट कायदा आला, १३ एप्रिल १९१९ला जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या, आणि इंग्रजांच्या बाजूने लढून मेलेल्या मुलाचे नाव अभिमानाने घेणे राष्ट्रीय वृत्तीच्या माणसास अवघड होऊन बसले. स्वराज्यानंतर तर सगळी हयात सरकारविरुद्ध लढण्यात गेलेल्यांचे स्मारक आधी व्हावे हे न्याय्यच होते. अशा रीतीने हा मुलगा दोन्ही वह्यांत जमाखर्चाच्या बाहेर राहिला. २०१९ साली भारतीय डाक खात्याने पहिल्या महायुद्धातील हिंदी वीरांवर तिकिटे काढली त्यांत या चार वैमानिकांना स्थान मिळाले. राज्यसंस्थेने शंभर वर्षांनी का होईना नोंद घेतली, एवढे म्हणता येईल.

आता त्या शिळेविषयी, कारण या पुस्तकाचे शीर्षक आणि त्याचे सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण तिच्याभोवती आहे. रणभूमीवर मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची स्मृती राखण्यासाठी २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने एक आयोग स्थापन झाला. फेबियन वेअर हा त्याचा प्रवर्तक. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांच्या १९१८च्या अहवालाने त्याची तत्त्वे ठरली: कोणाचाही देह मायदेशी नेला जाणार नाही, सेनापती आणि शिपाई यांच्या शिळा एकसारख्या असतील, वंश वा धर्म यावरून उच्चनीच होणार नाही. श्रीमंतांना आपल्या मुलासाठी संगमरवरी मनोरे उभारायचे होते. त्यांच्यावर ही समता अक्षरशः लादली गेली, आणि पार्लमेंटात त्यावर कडाक्याचा वाद झाला. शिळेच्या पायथ्याशी कुटुंबाला आपल्या मनचे काही कोरून घेता येई. मात्र अंतर धरून सहासष्ट अक्षरांच्या आत, आणि दर अक्षरास साडेतीन पेन्स आकार. आयोगाचा वाङ्मयीन सल्लागार होता रुड्यार्ड किपलिंग, मुंबईत जन्मलेला, आणि स्वतःचा एकुलता मुलगा १९१५ साली त्याच फ्रान्समध्ये गमावून बसलेला.

हिंदू आणि शीख सैनिकांच्या बाबतीत दफनाचा प्रश्नच सहसा येत नसे. ब्रायटनजवळच्या टेकडीवर ज्या त्रेपन्न जणांना अग्नी देण्यात आला तेथे १९२१ साली छत्री उभारली गेली, आणि नव्ह-शापेल येथील स्मारकावर हजारो हिंदी नावे आहेत. श्रीकृष्ण वेलिंगकर शत्रूच्या ताब्यात मरण पावला आणि त्याच्या वाट्यास मूठमाती आली. समाधीवरील इंग्रजी लेखात साम्राज्याच्या शूरतम पुत्रांपैकी एक असा त्याचा गौरव आहे. इंद्रलाल रॉयच्या समाधीवर बंगाली अक्षरे आहेत, आणि आपल्या माणसाच्या समाधीवर मराठी नाही, याची रुखरुख चरित्रकाराने बोलून दाखविली आहे. मला ती रुखरुख समजते, पण मी तिला शरण जाणार नाही. ज्या घरातून तो मुलगा गेला त्या घराला त्याच्या आसपासच्या परक्या मुलुखातील लोकांनी ते शब्द वाचावेत असे वाटले असेल, किंवा ज्या साम्राज्याने प्रथम त्याच्या वंशाकडे बोट दाखविले त्याच साम्राज्याच्या दगडावर त्याचे पुत्रत्व खोदून घ्यावे असेही वाटले असेल. तसे असेल तर अठ्ठावन्न-साठ अक्षरांत साधलेला तो मोठा मार्मिक प्रत्याघात म्हटला पाहिजे.

अँगारच्या त्या दफनभूमीत पाचशेहून अधिक माणसे आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्या मानाने वेलिंगकर भाग्यवान: नाव, हुद्दा, दल, तिथी एवढे त्याच्या शिळेवर आहे. पण तो कसा लढला आणि कसा पडला ते नाही. येथे आपल्याकडच्या वीरगळांची आठवण होते. देशावर आणि कोकणात देवळांच्या आवारात, पारावर, शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या त्या शिळांवर खालच्या चौकटीत वीर लढताना दिसतो, कधी गाईंच्या पाठीशी उभा, कधी घोडेस्वारांशी भिडलेला; मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात; वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मृत्यू कसा आला ते सारे तेथे आहे, परंतु नाव बहुतेकांवर नाही. एका परंपरेने नाव राखले आणि कर्म गाळले. दुसरीने कर्म राखले आणि नाव गाळले. हे पुस्तक दोन्ही एका जागी आणण्याची खटपट करते, आणि माझ्या मते मराठी भाषेचे त्या मुलाकडे जे देणे होते ते इतकेच होते. जयजयकाराचे नव्हे, वृत्तान्ताचे.

ही खटपट अर्जुनी मोरगावात व्हावी याचेही मला आता नवल वाटत नाही. हा मुलूख मृतांना विसरणारा नाही. आमच्या दक्षिणेस, भामरागडकडे, माडिया गोंड आपल्या मृतांच्या नावे आजही दगड उभे करतात. जवळच्या नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव ज्याने बांधला असे परंपरा सांगते तो कोलू पाटील कोहळी लोकस्मृतीत कोलासूर देव होऊन डोंगरावर बसला आहे. गोठणगावाजवळ १९७०च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्यांना आपल्या वाडवडिलांच्या भूमीपासून शेकडो कोस दूर देह ठेवावा लागतो अशी माणसे आमच्या बाजारात रोज भेटतात. आणि गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली धावपट्टी आहे, जिच्यावर आज नागरी वैमानिक तयार होतात. त्यांची लहान प्रशिक्षण-विमाने या जिल्ह्याच्या आकाशात गिरट्या घालताना दिसतात, आणि रोवणीला वाकलेल्या बाया क्षणभर कंबर सरळ करून वर पाहतात. त्या विमानांत बसणाऱ्या मुलामुलींना अर्जात वंश लिहावा लागत नाही. तो रकाना कोणी कसा पुसला हे त्यांनी जाणून घ्यावे अशी चरित्रकाराची इच्छा दिसते, आणि ती रास्त आहे.

पुस्तकाच्या उत्तरार्धात एक प्रकरण फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्याविषयी आहे. १९७१च्या डिसेंबरात पाकिस्तानातील तळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले आणि ते बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी अनेक दशके त्यांचा शोध चालविला. हे प्रकरण येथे असावे की नसावे यावर माझा व चरित्रकाराचा मतभेद होता. मूळ विषयापासून ते दूर जाते असे मला वाटे. पण परक्या मातीत का होईना, जागा ठाऊक असणे ही कुटुंबाला लाभलेली केवढी मोठी गोष्ट असते हे ते वाचल्यावर ध्यानी येते, आणि म्हणून मी माझा आक्षेप मागे घेतला.

दुसरा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. आयोगाच्या समतेच्या तत्त्वाचे या पुस्तकात जे गुणगान झाले आहे ते अर्धेच खरे आहे. युरोपात ती समता पाळली गेली, मेसोपोटेमियात नाही. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर त्यांतील कित्येक कैदेच्या वाटेवर मेले. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार केवळ आकडे. २०२१ साली आयोगाने स्वतःच्याच अहवालात अशा विषमतेची कबुली दिली आहे. वेलिंगकर याला स्वतंत्र शिळा मिळाली त्याचे कारण तो युरोपात पडला. सातारा-रत्नागिरीकडचा जो शेतकरी वाळवंटात पडला त्याला आकड्यातही स्वतंत्र स्थान नाही. चरित्रकाराचे उत्तर असे की तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय आहे. ते मला मान्य आहे. मात्र ते दुसरे पुस्तक त्यांनी प्रकृती साथ देत आहे तोवर हाती घ्यावे, आणि त्याची प्रस्तावना कोणा इतिहासाच्या जाणत्याकडे सोपवावी.